टक्क्यापासून मिलिग्रॅमपर्यंत : अमेरिकेतील हेम्पविषयक कायदे आणि बालसंरक्षण (१९७० ते २०२५)

प्रस्तावना :
हेम्प ही भांग-गांजाच्याच जातीची, परंतु नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य अत्यल्प असलेली वनस्पती होय. तिच्यापासून बनविलेल्या मादक खाद्यपदार्थांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बालसंरक्षणाचा गंभीर प्रश्न निर्माण केला. या प्रश्नाचे मूळ कायद्याने स्वीकारलेल्या मापात कसे होते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९७० साली अमेरिकेत दोन कायदे झाले. नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजावर कठोर बंदी घातली, तर विषबाधा प्रतिबंधक वेष्टन कायद्याने घरातील औषधे व घातक रसायने पाच वर्षांखालील मुलांना सहजासहजी उघडता येणार नाहीत अशा वेष्टनात ठेवण्याचे तत्त्व रूढ केले. पहिला कायदा पदार्थाकडे पाहणारा होता, तर दुसरा बालकाकडे.

१९७६ साली अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वनस्पतीच्या वर्गीकरणासाठी शुष्क वजनाच्या ०.३ टक्के टीएचसी ही सीमारेषा सुचविली. मानवी आरोग्याशी तिचा संबंध नव्हता. तथापि २०१४ व त्यानंतर २०१८ च्या कृषी कायद्याने हीच रेषा कायदेशीर व्याख्या म्हणून स्वीकारली. २०१८ च्या कायद्याने हेम्प व त्याचे अर्क नियंत्रित पदार्थांच्या यादीतून वगळले. मात्र ग्राहकाचे किमान वय, एका वेळची मात्रा व वेष्टन यांविषयी त्यात कोणतीही तरतूद नव्हती.

टक्केवारीचे परिणाम :
शेतातील रोपासाठी ०.३ टक्के हे प्रमाण नगण्य ठरते. परंतु ५० ग्रॅमच्या चॉकलेटात त्याच टक्केवारीने १५० मिलिग्रॅम टीएचसी मावते. शिवाय व्याख्येत केवळ डेल्टा-९ टीएचसीचा उल्लेख असल्याने हेम्पमधील सीबीडीवर रासायनिक प्रक्रिया करून डेल्टा-८ टीएचसी बनविण्याची वाट मोकळी झाली. गोळ्या, बिस्किटे व प्रसिद्ध खाऊची नक्कल करणारी पाकिटे पेट्रोल पंपांवरील दुकानांतही मिळू लागली.

जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ च्या २,३६२ घटना नोंदविल्या गेल्या. त्यांपैकी ४१ टक्के घटना अठरा वर्षांखालील मुलांच्या होत्या. सर्व प्रकारच्या गांजायुक्त खाद्यपदार्थांचा विचार करता, सहा वर्षांखालील मुलांच्या घटना २०१७ मधील २०७ वरून २०२१ मध्ये ३,०५४ वर पोहोचल्या. यात राज्यांच्या परवान्याने विकल्या जाणाऱ्या पदार्थांचाही समावेश आहे. २०२३ च्या पाहणीत बारावीच्या ११.४ टक्के विद्यार्थ्यांनी वर्षभरात डेल्टा-८ घेतल्याचे सांगितले.

राज्यांचे व संघराज्याचे उपाय :
१ जुलै २०२२ पासून मिनेसोटाने मर्यादित मात्रेतील विक्रीला मान्यता दिली. एका वेळेस ५ व पाकिटात ५० मिलिग्रॅम ही मर्यादा, २१ वर्षांची वयोमर्यादा आणि मुलांना न उघडणारे वेष्टन या तिच्या अटी होत्या. जुलै २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासन आणि व्यापार आयोग यांनी नक्कल पाकिटे विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रे धाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने टीएचसी आढळणाऱ्या हेम्प खाद्यपदार्थांवर तातडीची बंदी आणली. अखेरीस नोव्हेंबर २०२५ च्या संघराज्य कायद्याने व्याख्याच बदलली. आता एकूण टीएचसी मोजण्याचे ठरले आणि तयार मालाच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवण्यात आली. अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली.

समारोप :
टक्केवारी हे शेताचे माप आहे, तर मिलिग्रॅम हे शरीराचे. वनस्पती कायदेशीर करताना शेतकऱ्याचा विचार झाला, पण पाकीट उघडणाऱ्या बालकाचा झाला नाही. ती उणीव संघराज्य पातळीवर भरून काढण्याचे पाऊल पडण्यास सात वर्षे लागली. सरसकट बंदी असो वा मिनेसोटासारखे नियमन, बालकाला सुरक्षित ठेवणारे निकष मात्रा, वय व वेष्टन हेच आहेत. त्यांपैकी वेष्टनाचे तत्त्व तर अमेरिकेच्या कायद्यात १९७० पासूनच उपलब्ध होते. नव्या पदार्थाला बाजार खुला करतानाच ते लागू करणे, हा या इतिहासाचा धोरणकर्त्यांसाठी बोध आहे.