शहराच्या पोटातून काढलेला रस्ता

१४ एप्रिल १८८८ रोजी अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मिळकतीच्या तुकड्यावरून निकाल दिला. मिळकत होती इसाबेल दे एलोर्तोंदो यांची, आणि दावेदार होती ब्यूनस आयर्सची नगरपालिका. नगरपालिकेला राजधानीच्या मध्यातून भव्य रस्ता काढायचा होता. त्यासाठी १८८४ साली झालेल्या कायद्याने तिला मोठी मुभा दिली होती. ज्याची जागा रस्त्यात थोडी जरी जात असेल, त्याची सगळीच मिळकत ताब्यात घेता येणार होती. रस्ता झाला की दोन्ही बाजूंच्या जागेचे भाव चढतील, उरलेले तुकडे चढ्या भावाने विकू आणि खर्च भरून काढू, असा हिशेब होता. एलोर्तोंदोबाईंचं म्हणणं सरळ होतं: रस्त्याला लागेल तेवढी जमीन घ्या, बाकीची माझी आहे.

न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. संसदेचा कायदा राज्यघटनेला धरून नसेल, तर न्यायालय तो बाजूला ठेवू शकतं, हे तत्त्व अर्जेंटिनात ज्या निकालांनी पक्कं केलं, त्यांत या निकालाची गणना होते. नगरपालिकेचा हिशेब मात्र कोलमडला. रस्ता पुरा व्हायला आणखी सहा वर्षं गेली.

या रस्त्याचं नाव आवेनिदा दे मायो. पूर्वेला प्लासा दे मायो हा ऐतिहासिक चौक आणि राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, कासा रोसादा. पश्चिमेला संसद भवन. मध्ये जेमतेम दहा चौकांचं अंतर आणि सुमारे ३० मीटरची रुंदी. ब्यूनस आयर्समध्ये याहून लांब आणि कितीतरी रुंद रस्ते पुढे झाले. पण अर्जेंटिनाचं राजकारण, वर्तमानपत्रं, नाटक आणि स्थलांतरितांचा संसार एकाच जागी बघायचा, तर या दहा चौकांतच यावं लागतं.

रस्त्याची कल्पना तोर्क्वातो दे आल्वेआर यांची. ब्यूनस आयर्स १८८० साली देशाची संघीय राजधानी झालं आणि आल्वेआर १८८३ मध्ये तिचे पहिले महापौर झाले. स्पॅनिश अमदानीत बुद्धिबळाच्या पटासारखं चौकोनी आखलेलं हे शहर तोवर अरुंद गल्ल्यांचं आणि बैठ्या घरांचं होतं. १८७१ च्या पीतज्वराच्या साथीत इथे हजारो माणसं दगावली होती. जुन्या दक्षिण भागातली श्रीमंत कुटुंबं उत्तरेकडे सरकली होती. आल्वेआर यांच्या डोळ्यांसमोर पॅरिस होतं. हवा खेळेल, उजेड येईल आणि परदेशी पाहुणा चकित होईल, असा राजरस्ता त्यांना हवा होता.

जुनी गल्ली रुंद करण्याऐवजी त्यांनी वेगळाच मार्ग निवडला. रिवादाविया आणि विक्तोरिया (आजची इपोलितो इरिगोयेन) या दोन समांतर रस्त्यांच्या मधल्या घरांच्या ओळींतून, ऐन मध्यावरून, नवा रस्ता चिरत न्यायचा. म्हणजे दोन्हीकडची घरं दर्शनी बाजूने उभी राहणार आणि त्यांची मागची अंगणं, परसं, कोठारं जाणार. एका मागोमाग एक अंगणं असलेली ती लांबलचक जुनी घरं अर्ध्यावर कापली गेली. काफे तोर्तोनी हे त्याचं बोलकं उदाहरण. हे कॉफीगृह १८५८ पासून चालू आहे. नव्या रस्त्यामुळे त्याची मागची बाजू राजरस्त्यावर आली आणि १८९८ मध्ये वास्तुविशारद आलेहांद्रो क्रिस्तोफेर्सेन यांनी तिला नवं दर्शनी रूप दिलं. पाठ होती तिथे तोंड झालं. आज लोक रांग लावतात ते याच दारात.

सगळ्यात जिव्हारी लागणारा घाव बसला तो काबिल्दोवर. काबिल्दो म्हणजे वसाहतकाळातली नगरसभा. २५ मे १८१० रोजी स्पेनच्या व्हाइसरॉयला दूर सारून पहिलं स्थानिक शासन इथेच स्थापन झालं, आणि त्या मे महिन्याचंच नाव या रस्त्याला मिळालं. इमारतीला अकरा कमानी होत्या. १८८९ मध्ये तिचा मनोरा उतरवला गेला आणि नव्या रस्त्याला वाट देण्यासाठी उत्तरेकडच्या तीन कमानी पाडल्या गेल्या. १९३१ मध्ये दुसऱ्या एका तिरप्या रस्त्यासाठी दक्षिणेकडच्याही तीन गेल्या. उरल्या पाच. क्रांतीचं नाव मिरवणाऱ्या रस्त्याने क्रांतीच्या वास्तूचाच लचका तोडला, याची खंत पुढच्या पिढीला वाटली. १९३३ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९४० च्या सुमारास मारिओ बुस्कियास्सो यांनी जुनी कागदपत्रं तपासून मनोऱ्यासह तिला जुन्या वळणावर उभं केलं. त्या सहा कमानी मात्र परत आल्या नाहीत.

९ जुलै १८९४ रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, रस्ता खुला झाला. तो बघायला आल्वेआर नव्हते. १८९० मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

पुढच्या तीस वर्षांत दोन्ही बाजूंना युरोपातली जवळजवळ प्रत्येक शैली अवतरली. घुमट, लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या, आर नूव्होची वळणं, रांगेने हॉटेलं. इमारतींच्या उंचीवर मर्यादा होती. ती खास परवानगीने ओलांडली पालासियो बारोलोने. इटलीहून आलेले कापड उद्योजक लुईस बारोलो यांनी १९१९ मध्ये हे काम आपल्या देशबंधूकडे, मारिओ पालांती यांच्याकडे सोपवलं. पालांती इटालियन कवी दान्तेचे भक्त. त्यांनी ‘डिव्हाइन कॉमेडी’ला इमारतीचं रूप दिलं: तळाला नरक, मधल्या मजल्यांवर शुद्धिलोक, वर स्वर्ग आणि शिखरावर दीपगृह. काव्याचे सर्ग शंभर, इमारतीची उंची शंभर मीटर. १९२३ मध्ये ती पुरी झाली तेव्हा शहरातली सर्वांत उंच इमारत तीच होती. पालांती यांनी तिची बहीण शोभेल अशी पालासियो साल्वो ही इमारत नदीपलीकडे, उरुग्वेच्या मोन्तेविदेओत उभारली.

रस्त्याच्या पोटातही काम चाललं होतं. १ डिसेंबर १९१३ रोजी इथे भुयारी रेल्वे सुरू झाली. लॅटिन अमेरिकेतच नव्हे, तर साऱ्या दक्षिण गोलार्धात ती पहिली. बेल्जियममध्ये बांधलेले तिचे लाकडी डबे, आरशांसह आणि हाताने उघडायच्या दारांसह, जानेवारी २०१३ पर्यंत रोजच्या प्रवाशांना नेत होते. शंभर वर्षांना काही महिनेच कमी.

या भपक्याला खरा जीव दिला तो बाहेरून आलेल्यांनी. १८८७ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ४.३३ लाख होती. १९१४ मध्ये ती १५ लाखांच्या पुढे गेली, आणि त्यांतली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. आल्वेआर यांनी पॅरिस मनात धरून आखलेला रस्ता स्पॅनिश स्थलांतरितांनी आपलासा केला. गालिसिया आणि अस्तुरियासहून आलेल्यांची हॉटेलं, कॉफीगृहं, खानावळी इथे थाटल्या गेल्या. १९०८ मध्ये उघडलेल्या तेआत्रो आवेनिदाचा पडदा लोपे दे वेगाच्या नाटकाने वर गेला. याच नाट्यगृहात १९३३ मध्ये स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काच्या ‘रक्तविवाह’ या नाटकाने गर्दी खेचली. स्वतः लोर्का ऑक्टोबर १९३३ ते मार्च १९३४ या काळात याच रस्त्यावरच्या हॉटेल कास्तेलारमध्ये उतरला होता. अडीच वर्षांनी स्पेनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचं अखेरचं नाटक, ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’, हुकूमशहा फ्रांकोच्या स्पेनमध्ये रंगमंचावर येणं शक्य नव्हतं. ते पहिल्यांदा सादर झालं ८ मार्च १९४५ रोजी, तेआत्रो आवेनिदात, मार्गारिता शिर्गू यांच्या मंडळीकडून.

स्पेनच्या यादवीचे पडसाद इथल्या फूटपाथवर उमटले. साल्ता रस्त्याच्या कोपऱ्यावर काफे इबेरियात प्रजासत्ताकवादी बसत, समोरच्या काफे एस्पान्योलमध्ये फ्रांकोवादी. बातमी आली की शब्दाने शब्द वाढे आणि खुर्च्या रस्त्यापलीकडे भिरकावल्या जात.

बातमीही याच रस्त्यावर जन्मत असे. ‘ला प्रेन्सा’ या दैनिकाने १८९८ मध्ये इथे आपला प्रासाद उभारला. त्यात सार्वजनिक वाचनालय होतं, गरिबांसाठी वैद्यकीय आणि कायदेशीर सल्ला मोफत मिळे. मोठी घटना घडली की छतावरचा भोंगा वाजे. १९०० मध्ये इटलीच्या राजाचा खून झाला तेव्हा तो घुमला. मग लोक इमारतीसमोर जमत आणि फळ्यावर लिहिलेला मजकूर वाचत. काही चौक पुढे नातालियो बोताना यांच्या ‘क्रितिका’चं कार्यालय होतं; १९३३-३४ मध्ये त्याच्या शनिवारच्या साहित्य पुरवणीच्या संपादनात लेखक होर्हे लुईस बोर्हेस होते. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने ‘ला प्रेन्सा’ ताब्यात घेतलं. पेरोन यांची सत्ता गेल्यावर ते मालकांकडे परतलं.

गर्दी जमण्याची ही सवय मोर्चांना वारशात मिळाली. रस्ता आखला तेव्हा पश्चिम टोकाला संसद नव्हती. वित्तोरिओ मेआनो यांच्या आराखड्याचं ते भवन १९०६ मध्ये खुलं झालं. तेव्हापासून या रस्त्याची दोन टोकं म्हणजे सत्तेची दोन केंद्रं झाली, आणि दोघांनाही ऐकवायचं असेल तर एकाकडून दुसऱ्याकडे चालत जाणं हा सरळ उपाय ठरला. कामगार संघटना, विद्यार्थी, निवृत्तिवेतनधारक, लष्करशाहीने बेपत्ता केलेल्यांच्या आया, सगळे इथून चालले.

२० डिसेंबर २००१ रोजी, बँकांतली ठेव गोठवल्याने पेटलेलं शहर रस्त्यावर उतरलं. लोक भांडी बडवत येत होते. आणीबाणी जाहीर झाली होती, तरी ते हटले नाहीत. पोलिसांच्या गोळीबारात या परिसरात माणसं मेली आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने कासा रोसादातून निघून गेले. मृतांच्या नावांचे फलक फूटपाथवर बसवले गेले आहेत. १९९७ मध्येच सरकारने हा रस्ता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केला होता. तेव्हा घुमट आणि दर्शनी भिंती जपण्याचा विचार होता. आता जपण्यासारख्या गोष्टींत हे फलकही धरावे लागतात.