अनोळख्यांचा डाव

वऱ्हाडांत मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर नांवाचें गांव आहे. महानुभाव पंथीयांचें हें परम पवित्र स्थान. सुमारें साडेसातशें वर्षांपूर्वीं या गांवीं म्हाइंभट नांवाचे एक विद्वान् गृहस्थ चहूंकडे विखुरलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करीत होते. कोणाजवळ एक आठवण होती, कोणाजवळ दहा होत्या; समग्र कथा मात्र एकाहि माणसाजवळ नव्हती. या घटनेशीं २०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत जगभरच्या दहा लाख लोकांनीं खेळलेल्या एका खेळाचा संबंध जोडला, तर तो प्रथमदर्शनीं ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणीं मूळ प्रश्न एकच आहे. पुष्कळ माणसांनीं, एकमेकांचा वाटा ठाऊक नसतां, आपापली चिमूट एका जागीं आणून टाकली, तर त्यांतून कांहीं टिकाऊ वस्तु निर्माण होते काय ? आणि होत असेल, तर ती कोणत्या अटीवर होते ?

प्रथम तो अलीकडचा खेळ पाहूं. १ एप्रिल २०१७ रोजीं रेडिट या संकेतस्थळानें इंटरनेटवर एक कोरा फलक मांडला. त्यावर उभे हजार व आडवे हजार, मिळून दहा लाख चिमुकले चौकोन होते, आणि निवडावयास सोळा रंग होते. नियम एवढाच, कीं सभासदांपैकीं कोणींहि यावें, एक चौकोन रंगवावा, आणि पुन्हा हात लावण्यापूर्वीं पांच ते वीस मिनिटें स्वस्थ बसावें. एकानें रंगविलेला चौकोन दुसऱ्यानें बुजवून टाकण्यास मुळींच बंदी नव्हती. बहात्तर तासांनीं डाव संपला, तेव्हां दहा लाखांहून अधिक माणसांनीं सुमारें एक कोटी साठ लाख वेळां चौकोन रंगविले होते.

या फलकावर एकट्या माणसाला साधी रेघ ओढणेंहि कठीण होतें. दुसरा ठिपका देण्याची पाळी येईपर्यंत पहिला कोणीतरी पुसून टाकी. म्हणून माणसांना जूट करावी लागली. देशोदेशींच्या लोकांनीं आपापले ध्वज काढले. कोणीं मोनालिसाच्या सुप्रसिद्ध चित्राची प्रतिकृति उठविली. एका टोळीनें तर सर्वत्र काळा रंग पसरण्याचाच विडा उचलला. जर्मनीच्या ध्वजानें शेजारच्या फ्रान्सच्या ध्वजावर चाल केली, कांहीं काळ तंटा चालला, आणि अखेर वादाच्या जागीं युरोपीय संघाचा ध्वज उभा राहिला. कोणी सेनापति नव्हता, कोणाला वेतन नव्हतें. तरीहि आक्रमण झालें, संरक्षण झालें आणि तहहि झाला.

अशा प्रयोगांची वंशावळ इंटरनेटहून बरीच जुनी आहे. १९०६ सालीं इंग्लंडांत प्लिमथ येथील गुरांच्या प्रदर्शनांत एक पैज लागली होती. एक लठ्ठ बैल समोर उभा करून, कापून साफ केल्यावर त्याचें वजन किती भरेल, हें सहा पेन्सांच्या तिकिटावर लिहावयाचें होतें. खाटिक, शेतकरी व नुसते बघे, अशा सर्वांनीं अंदाज लिहिले. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यानें तीं तिकिटें मागून घेतलीं व वाचतां येण्याजोग्या ७८७ तिकिटांचा हिशेब केला. सर्व आंकडे चढत्या क्रमानें मांडले असतां बरोबर मधला आंकडा १२०७ पौंड आला. प्रत्यक्ष वजन भरलें ११९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनहि कमी ! ज्याला त्याला स्वतंत्रपणें विचार करूं दिला, तर एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीनें भरून निघते, हा या पैजेचा निष्कर्ष गाल्टननें १९०७ सालीं प्रसिद्ध केला.

इंटरनेटनें या जुन्या कुतूहलाला नवें अंगण दिलें. जून २००३ मध्यें न्यूयॉर्क शहरीं केवळ ई-मेलच्या निरोपावरून शंभरांवर अनोळखी माणसें एका मोठ्या दुकानांतील गालिच्याभोवतीं जमलीं आणि थोड्याच वेळांत पांगलीं. हें लोण मुंबईस पोंचावयास चार महिनेहि लागले नाहींत. ४ ऑक्टोबर २००३ रोजीं हाजी अलीजवळच्या एका दुकानसंकुलांत अशाच निरोपावरून मंडळी जमली. त्यांनीं शेअरबाजारांतल्याप्रमाणें आरोळ्या ठोकल्या, नाच केला, छत्र्या उघडल्या, आणि कांहींच घडलें नाहीं अशा मुद्रेनें तीं आपापल्या वाटेस लागलीं. भारतांतला हा या जातीचा पहिला प्रयोग. पुढें पोलिसांनीं अशा जमावांस मनाई केली. जमाव कोणाचा व कशासाठीं, हें सांगणारा कोणी पुढारी ज्यांत नाहीं, अशी गोष्ट सरकारी यंत्रणेला संशयास्पद वाटावी हें स्वाभाविकच होतें.

पुढच्या दशकांत अशा खेळांचें प्रमाण विलक्षण वाढलें. फेब्रुवारी २०१४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका अनामिक तज्ज्ञानें ‘पोकेमॉन’ हा मुलांचा खेळ अशा रीतीनें मांडला, कीं एकाच नायकाला हजारों लोकांनीं एकाच वेळीं हुकूम सोडावे. एक म्हणे डावीकडे, दुसरा म्हणे उजवीकडे. नायक बिचारा एकाच जागीं गिरक्या घेत राही. मतें मोजून बहुमतानें पाऊल टाकण्याची सोय मागाहून केली, तेव्हां ती नको म्हणणाराहि मोठा पक्ष निघाला ! तरीहि अकरा लाखांवर लोकांनीं मिळून सोळा दिवसांत, १ मार्च रोजीं, तो खेळ पार केला. पुढच्याच वर्षीं, १ एप्रिल २०१५ रोजीं, रेडिटनें नुसती एक कळ व साठ सेकंदांचें घड्याळ लोकांपुढें ठेवलें. कळ दाबली कीं घड्याळ पुन्हा साठावर जाई; पण प्रत्येकास ती जन्मांत एकदांच दाबण्याची मुभा होती. घड्याळ शून्यावर आलें कीं खेळ संपणार. दहा लाखांवर लोकांनीं ती कळ दाबून तो डाव ५ जूनपर्यंत जिवंत ठेवला. घड्याळ बंद पडल्यानें कोणाचें कांहीं बिघडणार नव्हतें. परंतु आपण सर्वांनीं मिळून तें चालतें ठेविलें आहे, ही भावनाच लोकांना पुरेशी वाटली.

हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग, असें म्हणून कोणी नाक मुरडील. त्यास उत्तर २००७ सालीं सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ या प्रयोगानें दिलें आहे. दुर्बिणींनीं टिपलेल्या लाखों दीर्घिकांचीं छायाचित्रें शास्त्रज्ञांनीं सामान्य लोकांपुढें ठेवलीं आणि विचारलें, ही आकृति गोल आहे कीं सर्पिल ? पहिल्या वर्षांतच दीड लाख लोकांनीं पांच कोटींवर उत्तरें दिलीं. एकच चित्र अनेकांना दाखवीत आणि त्यांच्या उत्तरांचा मेळ घालीत, म्हणून ज्योतिःशास्त्र न शिकलेल्यांचें कामहि शास्त्रज्ञांना विश्वासार्ह वाटलें. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेस त्यांतच एक चमत्कारिक तेजःपुंज दिसला. तो आज खगोलशास्त्रांत तिच्याच नांवानें ओळखला जातो. प्रथिनांच्या घड्या सोडविण्याच्या ‘फोल्डिट’ या खेळानेंहि असाच पराक्रम केला. माकडांत एड्ससारखा रोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूच्या एका प्रथिनाची रचना कित्येक वर्षें शास्त्रज्ञांना चकवीत होती. ती २०११ सालीं या खेळाडूंनीं तीन आठवड्यांत उकलली.

परंतु हीच शक्ति दुधारी आहे, हें महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन अनुभविलें. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणारी टोळी आल्याची आवई मोबाईलवरून गांवोगांव पसरली. येथेंहि प्रत्येकाचा वाटा चिमूटभरच होता : आलेला निरोप एका बोटानें पुढें ढकलणें. तो कोणीं पाठविला, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा गांवीं भिक्षा मागून उपजीविका करणाऱ्या भटक्या जमातीच्या पांच निरपराध माणसांना जमावानें ठार मारलें. तीं त्या गांवास अनोळखी होतीं, एवढाच त्यांचा अपराध.

गाल्टनच्या तिकिटांत आणि या आवईंत भेद कोणता ? माणसांची संख्या दोन्हीकडे मोठी होती, आणि प्रत्येकाचा वाटा दोन्हीकडे लहान होता. पण तिकिटावर ज्यानें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं बैल पाहून स्वतःचा अंदाज लिहिला होता. आवई पसरविणारांपैकीं कोणींच कांहीं पाहिलें नव्हतें. प्रत्येकानें दुसऱ्याचेंच म्हणणें पुढें लोटलें होतें. तेव्हां जमाव शहाणा कीं वेडा, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या जमावानें कोणता नियम पाळला, हा खरा प्रश्न होय.

येथें रिद्धपुराकडे वळावयाचें. चक्रधरस्वामींनीं सुमारें १२७४ सालीं महाराष्ट्र सोडला. त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांसह रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिले. गोविंदप्रभूंचें वागणें लहान मुलासारखें खेळकर असे. त्यांना एकदां लग्नाची हौस वाटली, तर शिष्यांनीं खरोखरच लग्नाचा थाट मांडला, आणि महदंबेनें त्या प्रसंगीं जागच्या जागीं गाणीं रचून म्हटलीं. तेच ‘ढवळे’, आणि तीच मराठीची आद्य कवयित्री. देवाच्या कृतीला या पंथांत ‘लीळा’ म्हणतात. लीळा म्हणजे क्रीडा.

चक्रधरांच्या लीळा विस्मृतींत जाऊं नयेत, म्हणून म्हाइंभटांनीं त्या मिळविण्याचें व्रत घेतलें. ज्यांनीं स्वामींना पाहिलें, ऐकलें, जेवूं घातलें, त्यांना त्यांनीं गांठलें. त्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. सांगणारांत विद्वान् होते तसे साधे प्रापंचिकहि होते, पुरुष होते तशा स्त्रियाहि होत्या. मिळालेली आठवण नागदेवाचार्यांकडून पारखून घेत, आणि मग ती लिहीत. सुमारें १२७८ सालीं रिद्धपुरांत वाजेश्वरीच्या देवळांत ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें, असें परंपरा सांगते. मराठी गद्याचा तो पहिला थोर ग्रंथ. सांगणारांपैकीं पुष्कळजण परस्परांच्या परिचयाचे होते, हें खरें. म्हणून आजच्या खेळांशीं त्याची तुलना सर्वांशीं लागू पडत नाहीं. पण ज्या एका बाबतींत ती लागू पडते, ती बाब महत्त्वाची आहे. एकाच प्रसंगाविषयीं दोघांच्या सांगण्यांत फरक पडला, तर त्यांतील एकाचें म्हणणें गुपचूप गाळून टाकीत नसत. दुसऱ्याची ‘वासना’, म्हणजे निराळी आठवण, तिच्या धन्याच्या नांवासह पोथींत शेजारीं नोंदली जाई. मतभेद हा त्या ग्रंथाचा दोष न ठरतां त्याच्या सचोटीची साक्ष ठरला.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें पंथांत सांगतात. तेव्हां पंथाच्या माणसांनीं आपापल्या पाठांतरांतून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा या स्त्रीचा पाठ विशेष गाजला. पाठ एकाहून अधिक झाले, लीळांच्या संख्येंत कमीअधिक पडलें. तरी ग्रंथ मेला नाहीं. शतकानुशतकें तो सांकेतिक लिपींत झांकलेला होता. विसाव्या शतकांत ती लिपि उलगडली, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनीं अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ति १९७८ सालीं लोकांच्या हातीं आली.

रेडिटचा फलक २०२२ सालीं पुन्हा मांडला गेला. या वेळीं एक कोटीहून अधिक माणसें जमलीं. अखेरच्या घटकेस चालकांनीं पांढऱ्याखेरीज सर्व रंग काढून घेतले, आणि खेळाडूंनींच आपल्या हातांनीं सारीं चित्रें पुसून फलक पुन्हा कोरा केला. खेळाचा तो शेवट कांहींना सुंदर वाटला, आणि तसा तो होताहि. पण त्या फलकाचें स्मरण उरलें, तें मागें प्रत्येक ठिपक्याची वेळेसह नोंद ठेविली होती म्हणूनच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. तेथेंहि अनोळखी माणसेंच लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. पण कोणीं केव्हां काय बदललें, याचा इतिहास प्रत्येक पानामागें जपलेला असतो. म्हाइंभटांची रीत नकळत तेथें पुन्हा अवतरली आहे.

महाराष्ट्र शासनानें मराठी भाषा विद्यापीठासाठीं रिद्धपूरचीच निवड केली, हें योग्यच झालें. तेथें येणाऱ्या विद्यार्थ्यांना जुनी भाषा शिकवितील, व्याकरण शिकवितील. त्याबरोबर म्हाइंभटांचा एक साधा प्रश्नहि शिकविला जावा. कोणी कांहीं सांगूं लागला, कीं त्यास आदरानें बसवून विचारावें : हें तुम्हीं स्वतः पाहिलें, कीं कोणाकडून ऐकलें ? राईनपाड्यास तो प्रश्न एका माणसानें जरी वेळीं विचारला असता, आणि इतरांनीं तो ऐकून घेतला असता, तरी पांच घरांचे कर्ते वांचले असते.