नीळकंठशास्त्री गोरे आणि क्षमेचे मोल

काशीतील पंचगंगा घाटानजीकचा बालाजी घाट पाहताना त्या बाजूच्या जुन्या महाराष्ट्रीय वस्तीचे स्मरण होते. याच नगरीतील मराठी शास्त्रीमंडळींत नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) वाढले. जॉन म्यूरने ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदु धर्मावर आक्षेप घेतले, तेव्हा विशीतल्या या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचून त्यांचे खंडन केले. पुढे १८४८ साली त्यांनीच जौनपुरास बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोरे झाले.

आमच्या मते या मतांतराच्या मुळाशी असलेला एक प्रश्न आजही विचारार्ह आहे. केलेले कर्म भोगल्यावाचून सुटत नाही, असे आपली परंपरा सांगते. मग क्षमा म्हणजे न्यायाचा लोप नव्हे काय? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर असे की, पापाचे ऋण माफ होते म्हणून ते नाहीसे होत नाही. क्षमा करणारा ईश्वरच ख्रिस्ताच्या वधस्तंभावर त्याचा भार सोसतो. अपराध्यास क्षमा कृपेने मिळते. तिचे मोल देणारा दुसरा असतो.

गोऱ्यांच्या संसारासही त्यागाची झळ लागली. १८५३ साली कन्या एलेन जन्मली. लवकरच पत्नी लक्ष्मीबाई वारल्या आणि मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली. १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंवरही गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला होता.

त्यांचा निर्णय आम्हांस पटो वा न पटो. क्षमा स्वस्त नसते, एवढे तरी त्यांच्या चरित्रावरून ध्यानी यावे.