गावाच्या तिजोरीची चावी

मी कविता लिहिणारा माणूस. हिशेबाशी माझा संबंध वाण्याच्या वहीपुरता. तरीही आज अंदाजपत्रकावर बोलणार आहे. किन्हवलीसारख्या गावात राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कविता फसली तर कागद फाडता येतो, पण नको तिथे बांधलेली टाकी पुढच्या पिढीलाही पाहावी लागते.

हा वाद जुना आहे. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा ठराव नगरपालिकेपुढे आला. बत्तीस सभासदांत विरोध करणारे एकटे महात्मा फुले निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचे म्हणणे. मंडईच्या इमारतीलाही त्यांचा याच कारणाने विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले! आधी काय बांधायचे आणि कोणासाठी, हाच त्यांचा प्रश्न होता.

आपल्या तालुक्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली. मुंबई महापालिकेने पैसा उभा केला आणि १८९२ मध्ये शहापूर तालुक्यात तानसा धरण पुरे झाले. पुढे वैतरणा आली, भातसा आली. शहराने आपली तहान ओळखून आधी तरतूद केली. धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर मात उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहतात. या पाड्यांची तहान कोणत्या अंदाजपत्रकात मांडायची?

ती मांडण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ती होती. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेचा आधार मिळाला. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने गावाने स्वतः आराखडा करायचा, असे ठरले. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अशा पंचायतींना मिळू लागला, तोही २०१५ मध्येच.

पण कागद आणि माणूस यांत अंतर असते. सर्वसाधारण ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जो आकडा कमी तेवढे हजर लागतात. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पाच-दहा माणसे गावाचा वर्षाचा पैसा ठरवून मोकळी होतात.

काही वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या एका गावात माझे नाव मतदार यादीत होते. सभेआधी महिलांची वेगळी सभा झाली. पाड्यावरची विहीर खोल करा, एवढेच बायकांचे मागणे होते. मुख्य सभेत यादी वाचली गेली, त्यात वेशीवरची कमान पहिली. विहिरीला 'पुढच्या वर्षी पाहू' असे उत्तर मिळाले. "विरोध कोणाचा?" असे विचारल्यावर सगळे गप्प. मीही गप्प. कमान झाली. पुढच्या वैशाखात टँकरचे पाणी भरून, डोक्यावर हंडे घेऊन त्याच बायका त्या कमानीखालून जाताना मी पाहिल्या. त्यांतली एक ओळखीची ताई म्हणाली, "भाईजान, सावली चांगली पडते हो कमानीची." त्या वाक्यावर मला आजवर कविता लिहिता आलेली नाही.

तेव्हापासून सभेला जाताना मी तीन गोष्टी विचारतो. मागच्या वर्षीच्या कामांचे काय झाले? यंदा पैसा किती आला? महिला सभेचा ठराव यादीत कुठे आहे? विचारले की आधी कपाळाला आठ्या पडतात, मग वही उघडते. एकट्या फुल्यांच्या विरोधाने तो ठराव थांबला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्या बत्तीस जणांपैकी आज आपण आठवण कोणाची काढतो? येत्या सभेला तुम्हीही जा. आणि विहीर मागे पडत असेल, तर हात वर करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)