मॉस्कोतल्या खिडक्यांची जाळी

गेल्या महिन्यात सुनेनं विचारलं, "बाबा, हे कानात घालून झोपले तर बाळाला काही होईल का?" ती सहा महिन्यांची गरोदर. कानात बोराएवढे बिनतारी इअरबड, मनगटावर घड्याळ. दोन्ही ब्लूटूथनं फोनला जोडलेली. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. "काही होत नाही" असं पटकन म्हणता आलं असतं. पण मला मॉस्को आठवलं.

साधारण १९५३ पासून मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीवर समोरच्या इमारतीतून सूक्ष्मलहरींचा झोत सोडला जाई. लहरी मुख्यतः अडीच ते चार गिगाहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या ब्लूटूथच्या अगदी शेजारच्या. रशियनांचा हेतू काय, चोरून ऐकण्याचा की अमेरिकेची टेहळणी यंत्रं बिघडवण्याचा, यावर बरेच तर्क झाले. वॉशिंग्टनला झोताचा पत्ता होता. तिथं राहणाऱ्या कारकुनांना, टंकलेखिकांना, त्यांच्या मुलाबाळांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. साठच्या दशकात तर 'विषाणूंचा अभ्यास चालू आहे' अशी थाप मारून त्यांचं रक्त तपासलं गेलं! अखेर १९७६ च्या फेब्रुवारीत राजदूत वॉल्टर स्टोसेल यांनी कर्मचाऱ्यांपुढे गोष्ट उघड केली. खिडक्यांना ॲल्युमिनियमची जाळी लागली.

मग भीतीला पूर आला. आधीचे दोन राजदूत, बोलेन आणि थॉम्पसन, कर्करोगानं गेले होते. पुढं १९८६ मध्ये स्टोसेलही रक्ताच्या कर्करोगानं गेले. लोकांनी दुवा जोडला, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलियनफेल्ड यांनी मॉस्कोत राहिलेल्या सुमारे १८०० कर्मचाऱ्यांची तुलना पूर्व युरोपातल्या इतर वकिलातींमधल्या सुमारे २५०० जणांशी केली. १९७८ च्या त्यांच्या अहवालात झोतामुळं आजार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पण तेवीस वर्षं लपवलेल्या गोष्टीवर एका अहवालानं विश्वास कसा बसावा?

यातली गंमत मर्यादांच्या आकड्यांत आहे. अमेरिकेची त्या वेळची सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट. सोव्हिएत रशियाची १० मायक्रोवॅट, म्हणजे हजार पटींनी कडक. आणि १९७५ पर्यंतचा झोत होता फार तर ५ मायक्रोवॅटचा! आपल्याच नियमानं अमेरिकेला तक्रारीला जागा नव्हती.

अमेरिकनांनी मोजली ती फक्त उष्णता. १९४५ च्या सुमाराला रडारच्या नळीजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून मायक्रोवेव्ह भट्टी जन्मली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढं उंदीर-माकडांवर प्रयोग झाले. शिकवलेलं काम प्राणी सोडून देऊ लागत तो बिंदू किलोमागे सुमारे ४ वॅटचा निघाला. त्याचा पन्नासावा भाग, ०.०८ वॅट, सामान्य माणसाच्या सगळ्या शरीरासाठी ठरला. डोक्यासारख्या एका भागापुरती मर्यादा १.६ वॅट, ती अमेरिकेनं १९९६ मध्ये मोबाइलला लावली, भारतानं २०१२ मध्ये. तुमच्या फोनवर *#०७# दाबून पाहा, बहुतेक फोनांत त्याचा आकडा दिसतो.

आता कानातल्याकडं येऊ. नेहमीच्या ब्लूटूथची ताकद जास्तीत जास्त अडीच मिलिवॅटच्या आसपास. जुना जीएसएम फोन ऐन भरात २ वॅट फेकायचा, सरासरी पाव वॅट. म्हणजे सरासरीनंही शंभरपट. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, ते मुख्यतः असे फोन कानाला लावणाऱ्यांच्या अभ्यासांवरून. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत, हे कुणी सांगत नाही! २०२४ मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. इअरबड घरोघरी येऊन मात्र जेमतेम दहा वर्षं झालीत, आणि कर्करोगाचा हिशेब दशकांनी होतो. हेही मी सुनेला सांगितलं.

म्हटलं, "कानातल्याची काळजी करू नकोस. पण फोन पोटावर ठेवून सिनेमा पाहतेस, तो जरा लांब ठेव. अंतर वाढलं की लहरी झपाट्यानं क्षीण होतात. मनगटावरच्या घड्याळात वेगळं सिमकार्ड असेल तर त्यालाही हाच नियम."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, त्या वकिलातीत कुणी गरोदर असेल ना?"

असणारच, मी म्हटलं.

त्या रात्रीपासून फोन टेबलावर असतो. इअरबड तिनं सोडलेले नाहीत. झोपताना तेवढे काढते. कान दुखतो म्हणाली.