तेलाचा काटा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं होतं, "एअर-कूल्ड इंजिनात तेल काय काम करतं?"

"लुब्रिकेशन, सर."

"आणि?"

आणि पुढे माझ्याकडे काही नव्हतं. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. मग कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी लागली, मेकॅनिकल सुटलं, पण ते "आणि?" डोक्यातून गेलं नाही. त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही अशा गाडीच्या इतिहासात, जिच्या चार टायरांचे पैसेही माझ्या बजेटमध्ये बसत नाहीत. पोर्शे ९११.

गोष्ट त्याआधीची आहे. पोर्शेच्या नावाची पहिली गाडी, ३५६ क्रमांक १, जून १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात रस्त्यावर आली. वजन ५८५ किलो, ताकद ३५ अश्वशक्ती. इंजिन मुळात फोक्सवागन बीटलचं, म्हणजे हवेनं थंड होणारं. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाहीत, हिवाळ्यात गोठायला पाणीच नाही. हलकी गाडी करायची तर यापेक्षा सोपी सुरुवात कोणती?

पण उष्णता कुठेतरी जायलाच हवी. सिलिंडरच्या बाहेरच्या पत्र्यांवरून पंख्याची हवा जाते, ती बाहेरची उष्णता नेते. पिस्टनच्या खालच्या बाजूला आणि बेअरिंगांपर्यंत ती हवा पोचत नाही. तिथे पोचतं फक्त तेल. पाण्याच्या तुलनेत तेल उष्णता जेमतेम निम्मीच धरून ठेवतं, पण दुसरं कुणी नसल्यामुळे हमालीही त्यालाच करावी लागते. सरांना हेच ऐकायचं होतं.

बीटलच्या इंजिनिअरांनी तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच उभा केला होता. जागा वाचली, पण तो कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवा आला. तेल थंड आणि सिलिंडर गरम! यावरचा जुना उपाय मला भारी आवडतो: काही डिस्ट्रिब्युटरांमध्ये तीन नंबरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पाडायची सोय केली होती, म्हणजे तो बिचारा जरा कमी तापेल. आमच्या भाषेत सांगायचं तर एका युजरसाठी कोडमध्ये टाकलेला वेगळा 'इफ'. कूलर त्या वाटेतून बाजूला सरकवायला १९७१ साल उजाडलं.

तोवर पोर्शे पुढे गेली होती. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसलेल्या नव्या गाडीत सहा सिलिंडर, दोन लिटर आणि १३० अश्वशक्ती होती. इंजिन मात्र पूर्वीसारखंच मागच्या चाकांच्याही मागे. तेलाची सोय इथे पार बदलली. इंजिनच्या तळाशी तेल साठवायचंच नाही, वेगळ्या टाकीत ठेवायचं. एक पंप तळाशी गळलेलं गरम तेल ओढून टाकीकडे पाठवतो, दुसरा टाकीतलं तेल दाबानं बेअरिंगांना देतो. वाटेत इंजिनवरच बसवलेला कूलर. वळणावर गाडी कितीही कलली तरी पंपाच्या तोंडाशी तेल असतंच. डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा नव्हता, असणार तरी कसा. त्याच्या जागी तेलाचा.

तेल जितकं थंड तितकं चांगलं असं मात्र अजिबात नाही. नेहमीचं २०डब्ल्यू-५० तेल घेतलं तर ४० अंशांना ते १०० अंशांपेक्षा आठ-नऊपट घट्ट असतं. थंड तेल पंपाला जड जातं. शिवाय इंजिनात साचलेली ओल आणि झिरपलेलं पेट्रोल उडून जायलाही उष्णता लागते. उलट फार तापलं की तेल पातळ होतं, दाब पडतो, बेअरिंगवरचा थर तुटतो. म्हणजे काटा एका पट्ट्यातच खेळवायचा.

ताकद वाढत गेली तसा इंजिनवरचा कूलर पुरेना. १९६९ च्या ९११ एसमध्ये दुसरा कूलर आला, तोही कुठे, तर पुढच्या उजव्या चाकाच्या वर, बंपरच्या मागे. इंजिन मागे, कूलर पुढे. मधलं अंतर उजव्या दाराखालून धावणाऱ्या नळ्यांनी जोडलं. तेल साधारण ८५ अंशांना पोचलं की मागच्या चाकापाशी असलेला थर्मोस्टॅट उघडतो आणि तेल गाडीची लांबी पार करून परत येतं. नंतरच्या गाड्यांमध्ये पुढे कधी नुसती वळवलेली नळी असायची, कधी जाळीचा कूलर, शेवटी त्याला स्वतःचा विजेचा पंखाही मिळाला. पाणी टाळून वाचवलेलं वजन असं तेलाच्या रूपात हप्त्याहप्त्यानं परत येत राहिलं. ऐंशीच्या दशकातल्या ९११ मध्ये सुमारे १३ लिटर तेल असे. आपल्या बाइकमध्ये एक-दीड लिटर असतं.

त्यात मागच्या वजनाची रड होतीच. म्हणून १९७२ च्या मॉडेलमध्ये तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण उजव्या दारामागे, बाहेरून उघडेल असं दिलं. दिसायला ते थेट पेट्रोलच्या झाकणासारखं. पंपावरच्या माणसांनी त्यात पेट्रोल ओतल्याचे किस्से आजही सांगितले जातात. पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी गेली आणि झाकण गायब झालं. युजर इंटरफेस शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण पहिल्याच तासाला द्यावं.

मग कॅरेरा आरएस २.७ आली, ऑक्टोबर १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात. २१० अश्वशक्ती, आणि सर्वांत हलक्या रूपात वजन हजार किलोच्या आत. पत्रा पातळ, काचा पातळ, मागची सीट काढलेली, ग्लोव्ह बॉक्सला झाकण नाही, दार ओढायला चामड्याची पट्टी. ही काढलेल्या वस्तूंची यादी चाहते तोंडपाठ म्हणून दाखवतात. मला न काढलेली वस्तू जास्त बोलकी वाटते: पुढचा तेलाचा कूलर आणि त्याच्या लांबलचक नळ्या. सीटच्या गादीत ग्रॅम मोजणाऱ्यांनी तिथे हात लावला नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र वजनाचा हिशेब अंगाशी आला. १९६८ पासून इंजिनचं मुख्य कवच ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचं होतं. मॅग्नेशियम दोन-तृतीयांश वजनाचं, मऊ, आणि तापल्यावर जास्त फुगणारं. सिलिंडर आणि हेड जखडून ठेवणारे लांब स्टड पोलादाचे, ते निम्मेच फुगतात. दोन लिटरला हे निभावलं. १९७४ पासून २.७ लिटरचं इंजिन रोजच्या गाड्यांत आलं, आणि १९७५ पासून कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमांसाठी तिथल्या गाड्यांना थर्मल रिअॅक्टर लागले. धुरातला न जळलेला भाग हेडच्या अगदी खालीच जाळणारी ही भट्टी. लॉस एंजेलिसचा उन्हाळा, तुंबलेला रस्ता, खाली भट्टी. स्टड आटे उपटून कवचातून बाहेर येऊ लागले. पोर्शेनं ॲल्युमिनियमच्या जोडीनं फुगणारे डिलावार मिश्रधातूचे स्टड वापरून पाहिले, तर काही वर्षांनी तेच तुटू लागले. १९७८ च्या ९११ एससीला पुन्हा ॲल्युमिनियमचं कवच मिळालं. मॅग्नेशियमवाल्या इंजिनांच्या प्रत्येक भोकात आजही कारागीर पोलादी आट्यांच्या पुंगळ्या बसवत असतात.

३१ मार्च १९९८ ला शेवटची एअर-कूल्ड ९११ तयार झाली. तिच्या जागी आलेल्या ९९६ मध्ये रेडिएटर आले, पाणी आलं, आणि तेलाला थंड करायचं कामही त्या पाण्याकडेच गेलं. तेलाच्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवरून गेला. पुढच्या ९९७ मध्ये तो परत आला, डाव्या टोकाला.