कुराराय नदीकाठचा आठवडा

संत पौलाला रोमकडे नेणाऱ्या गलबताच्या तांडेलाचा उल्लेख 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, परंतु त्याचे नाव तेथे नाही. मिशनकार्याच्या इतिहासात हे असेच चालत आले आहे. सुवार्ता सांगणारे लक्षात राहतात. त्यांना पैलतीरी पोहोचविणारे विसरले जातात. विसाव्या शतकात तांडेलाची जागा वैमानिकाने घेतली. अशाच एका वैमानिकाच्या अखेरच्या आठवड्याची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत. तो आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा नव्हता, प्रोटेस्टंट होता. तरीही ही हकीकत आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते, ती कशी, हे पुढे येईलच.

नेट सेंट हा अमेरिकन तरुण १९४८ साली दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात गेला. लहानपणी जडलेल्या पायाच्या हाडाच्या दुखण्यामुळे सैन्यात त्याला वैमानिक होता आले नव्हते. शेल मेरा या गावी त्याचे ठाणे होते. शेल या तेल कंपनीने सोडून दिलेला तो तळ. गावाच्या नावात कंपनी तेवढी उरली होती. तेथून पूर्वेस अ‍ॅमेझॉनचे निबिड अरण्य पसरलेले. ज्या वाटेला पायी कित्येक दिवस लागत, ती त्याचे छोटे विमान काही मिनिटांत तोडीत असे. औषधे, धान्य, टपाल, आजारी माणसे हा त्याचा रोजचा माल. इंजिनाचा इंधनपुरवठा हवेतच तुटला तर काय, या काळजीतून त्याने पर्यायी इंधन-व्यवस्था स्वतःच्या हाताने बनविली होती. त्याची दुसरी युक्ती तर अजब होती. विमानातून लांबलचक दोराला बांधलेली बादली सोडायची आणि वर गोल गोल घिरट्या घालायच्या. काही वेळाने बादली खाली जवळजवळ स्थिर लोंबकळत राही. ज्या वस्तीजवळ विमान उतरूच शकत नाही, तेथील माणसाच्या हाती वस्तू देण्याचा हा मार्ग होता.

त्या अरण्यात वाओरानी नावाची जमात राहत असे. शेजारी लोक त्यांना 'औका', म्हणजे रानटी, म्हणत. परक्याला भाल्याने मारणे ही त्यांची ख्याती होती. आपसांतील वैरातही ते एकमेकांना मारीत. पण परक्यांनीही त्यांना काही कमी छळले नव्हते, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर १९५५ पासून नेटने बादलीतून त्यांच्याकडे भेटी पाठविल्या: पहिल्या खेपेस रंगीत गुंड्या घातलेली अ‍ॅल्युमिनियमची किटली, पुढे सुरे आणि कपडे. पुढे वाओरानींनीही दोराला परतभेटी बांधल्या.

मंगळवार, दि. ३ जानेवारी १९५६ रोजी कुराराय नदीच्या एका वाळवंटावर त्याने आपले पिवळे विमान उतरविले. मऊ वाळूत चाके रुतत होती. दिवसभर खेपा घालून त्याने जिम एलियट, एड मॅककली व रॉजर यूडेरियन या सोबत्यांना आणि झाडावर बांधावयाच्या निवाऱ्याचे सामान तेथे पोहोचविले. चौथा सोबती पीट फ्लेमिंग आणि नेट रात्री विमानाने परतत व सकाळी पुन्हा येत. वस्तीवरून जाताना ध्वनिवर्धकातून वाओरानी भाषेत आमंत्रण दिले जाई. ती वाक्ये त्यांनी दायूमा या स्त्रीकडून शिकून घेतली होती. ती आपल्या लोकांतून पळून आली होती आणि नेटची बहीण रेचल तिच्याकडूनच भाषा शिकत होती. पण रेचलला या मोहिमेचा पत्ता लागू दिला नव्हता.

बुधवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी अरण्यातून एक पुरुष व दोन स्त्रिया आल्या. पुरुषाला नेटने विमानात बसविले. आपल्या वस्तीवरून जाताना तो आनंदाने ओरडला. शनिवारी कोणी फिरकले नाही. रविवारी, दि. ८ रोजी, दुपारी साडेबारा वाजता नेटने शेल मेरा येथे रेडिओजवळ बसलेल्या पत्नीला कळविले की काही पुरुष नदीकडे येत आहेत. पुढचा निरोप साडेचारला ठरला होता. तो आला नाही. पुढे सापडलेले नेटचे घड्याळ ३ वाजून १२ मिनिटांवर थांबलेले होते. पाचही जण भाल्यांनी मारले गेले होते. त्यांच्याजवळ बंदुका होत्या. परंतु वाओरानींचा जीव घ्यावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी आधीच केला होता.

या पाचांना हुतात्मे म्हणून गौरविणारे पुष्कळ आहेत. त्यांचे धैर्य आम्हांलाही मान्य आहे. तथापि घाई झाली, असे आमचे मत आहे. भाषा पुरती येत नव्हती, जमातीतील अंतःस्थ भांडणे ठाऊक नव्हती आणि जी बहीण सल्ला देऊ शकली असती तिलाच अंधारात ठेवले गेले. कित्येक वर्षांनी वाओरानींनी सांगितले की, शुक्रवारी आलेल्या त्या पुरुषाने स्वतःवरचा राग टाळण्यासाठी परक्यांविषयी खोटे सांगितले होते. विमानाने पाच दिवसांत जे अंतर तोडले, ते अंतर माणसामाणसांतले नव्हते.

ते तोडले पायी गेलेल्या स्त्रियांनी. १९५८ साली जिमची विधवा एलिझाबेथ आपल्या लहान मुलीला घेऊन, आणि नेटची बहीण रेचल, दायूमासोबत त्याच वस्तीत राहावयास गेल्या. १९६५ साली नेटच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा कुराराय नदीत झाला. तो देणारे किमो आणि द्यूवी हे १९५६ च्या त्या हल्ल्यात सामील होते. नवे आजारही मात्र या संपर्कामागून आले. १९६९ मध्ये वाओरानींत पोलिओची साथ पसरली.

आता आपल्या उंबरठ्याविषयी. आग्वारिकोचे बिशप अलेहांद्रो लाबाका हे कापुचिन संघाचे. पूर्वी चीनमध्ये मिशनरी असलेला हा बास्क धर्मगुरू वाओरानींमध्ये इतका मिसळला की एका कुटुंबाने त्यांना पुत्र मानले. त्याच जमातीतून फुटून निघालेले तागाएरी लोक कोणाचाच संपर्क पत्करीत नव्हते, आणि तेल कंपन्या त्यांच्या भूमीकडे सरकत होत्या. शस्त्रधारी माणसे पोहोचण्यापूर्वी आपण पोहोचलो तर ही माणसे वाचतील, या हेतूने दि. २१ जुलै १९८७ रोजी बिशप लाबाका व कोलंबियाच्या धर्मभगिनी इनेस आरांगो हेलिकॉप्टरमधून त्या वस्तीत उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाल्यांनी विंधलेले देह सापडले. कोका शहरातील कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी त्या दोघांच्या प्राणार्पणास मान्यता देणारा आदेश संमत केला.